हिसायोच्या हातातला झारा

हिसायो मुरासेनं जपानमधल्या आगेओ शहरात शाळेच्या स्वयंपाकघरात चौतीस वर्षं काढली. आठशे मुलांचा रस्सा उकळायला लागला, की वर येणारा मळकट फेस काढणं हे तिचं काम. हात असा बसलेला, की फेस तेवढा झाऱ्यात यायचा आणि रस्सा जागच्या जागी राहायचा. घरीही तेच. मेजावरच्या शेगडीवर पातेलं उकळायचं, नवरा त्यातलं काढून जेवायचा, ती फेस काढायची. आठ वर्षांपूर्वी तो गेला. झारा कुठल्या खणात असतो, हे त्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

त्यानंतर तिनं मेजाच्या मधोमध पातेलं मांडलं नाही. एकटीसाठी कोण मांडतं? एकटेपणा खायला उठायचा, आणि ते ती लपवतही नसे. म्हणून मैदानी गोल्फच्या मंडळातल्या कुरामोचींनी, टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या त्या विधुरानं, लग्नाचं विचारलं तेव्हा तिनं ते हसण्यावारी नेलं नाही. रविवारी दुपारी शाबुशाबू खाऊ, मेजावरच्या उकळत्या पातेल्यात मांसाचे पातळ काप बुडवून, तेव्हा उत्तर द्या, असं ते म्हणाले. हमरस्त्यावरचं हॉटेलही त्यांनीच निवडलं: नव्वद मिनिटं, हवं तेवढं खा, ताटात उरलं तर दंड. हिसायो घरून होकार घेऊनच निघाली होती. अंगातला निळा स्वेटरसुद्धा नवा होता.

मेज चिकट होतं. पदार्थ मागवायच्या टचस्क्रीनच्या पडद्यावर आधीच्या गिऱ्हाइकाची तिळाची चटणी वाळली होती. कुरामोचींनी त्यावरच बोट दाबत एका दमात बारा ताटं मांस मागवलं. मांजराच्या तोंडाचा, चाकांवर फिरणारा यंत्रगडी गाणं वाजवत ती घेऊन आला. कच्च्या मांसासाठी वेगळा चिमटा ठेवलेला, पण कुरामोचींनी आपल्या जेवायच्या काड्या चाटल्या, त्यांनीच मांस उचललं आणि त्यांनीच सगळं पातेलं ढवळलं. अर्धं गुलाबी असतानाच गिळलं. चटणी हनुवटीवरून ओघळली, ती जिभेनं जमेल तेवढी टिपली. हिसायोला शिसारी आली. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, इथे तर अख्खं पातेलंच समोर उकळत होतं.

तरी ती स्वतःला समजावत राहिली. माणूस एकटा राहिला की रीत विसरतो, शिकवू हळूहळू. पंचविसावं ताट आलं तेव्हा कुरामोचींनी पट्टा सैल केला, समाधानाचा ढेकर दिला आणि म्हणाले,

"तुमच्याबरोबर बरं वाटतं, मुरासे-सान. बायको गेल्यापासून इतकं स्वच्छ पातेलं बघितलंच नव्हतं."

हिसायोनं खाली पाहिलं. हॉटेलचा झारा तिच्याच हातात होता. तो कधी उचलला, तिला आठवेना. शेजारच्या वाटीतलं पाणी फेसानं राखाडी झालं होतं, आणि तिची चटणीची वाटी अजून काठोकाठ होती. तासाभरात तिनं मांसाचे दोन काप खाल्ले होते. त्या माणसाची आली नसेल एवढी किळस तिला त्या क्षणी आपल्या हाताची आली.

तिनं झारा खाली ठेवला. फेस वर आला, जाड झाला, कडेला चिकटला. कुरामोचींनी पातेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पातेल्याकडे. मग फेसासकट मांस तोंडात घातलं. मागवायची वेळ संपली होती, पुढ्यात तीन ताटं शिल्लक होती. त्यांनी एका ताटातलं मांस हळूच पातेल्यातल्या कोबीखाली दडपलं, दंड नको म्हणून.

"कुरामोची-सान, मला नाही जमायचं," ती म्हणाली. "लग्नाचं."

नकार दिला तर बिचारा किती दुखावेल, ह्या धास्तीनंही ती होकार घेऊन आली होती. त्यांनी तोंडातला घास चावून संपवला आणि पडद्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बरं. पण खायला अजून बारा मिनिटं आहेत. तेवढा वेळ फेस तरी काढा, कडवट लागतंय."

हिसायोनं झारा पाण्यात खळबळला, पुसला आणि दांडा त्यांच्याकडे करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि त्याच झाऱ्यानं कोबीखालचं मांस उपसायला लागले. ती उठून आइस्क्रीमच्या यंत्रापाशी गेली आणि वाटी काठापर्यंत भरून घेतली. बारा मिनिटं तिचीही होती.