तळहातावरचं दही

विमानतळाकडे नेणाऱ्या शिबिराच्या बसमध्ये चढताना माझ्या लेकीनं मागे वळून पाहिलं नाही. शेजारच्या बागुल वहिनींना ती ‘येते’ म्हणाली, सोसायटीच्या वॉचमनलाही म्हणाली, मला मात्र नाही. गंगापूर रोडवर पहाटेच्या त्या वेळी दूधवाले आणि फिरायला निघालेली चार माणसं सोडली तर कोणी नसतं. बस वळणावर दिसेनाशी झाली तरी मी तिथेच उभी होते. पोर इतक्या लांब चालली होती आणि माझ्याशी धड बोललीही नव्हती. देव वगैरे मला त्या क्षणी आठवलासुद्धा नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांत आठवला नव्हता.

केतकी सोळा वर्षांची. तिच्या बाबांना डोंगरांचं वेड. सुट्टी आली की बापलेक रामशेज नाहीतर ब्रह्मगिरी गाठायचे आणि परत आल्यावर मातीनं माखलेले बूट नेमके माझ्या पुसलेल्या फरशीवर काढायचे. मी ओरडायची, ते दोघं हसायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर केतकीनं डोंगराचं नाव काढलं नाही, आणि घरातही ती मोजकंच बोलायला लागली. जेवलीस का, हो. अभ्यास झाला का, हो. एवढ्यावर आम्हा दोघींचा संसार चालला होता. म्हणून दहावीनंतरच्या सुट्टीत तिनं आपणहून किर्गिझस्तानातल्या पर्वतांमधल्या एका साहसी शिबिराचा विषय काढला, तेव्हा तो देश नकाशात कुठे आहे हे न पाहताच मी हो म्हणून बसले. देवळ्याचा माझा भाऊ चिडला की अहिराणीवर येतो. फोनवर म्हणाला, “आपला इकडं डोंगर कमी शेतस का, ताई?” मी म्हटलं, “डोंगर पुष्कळ आहेत रे, पण ते सगळे तिच्या बाबांचे आहेत. तिला एखादा स्वतःचा बघू दे.”

आमच्याकडे घरचं माणूस लांब निघालं की कपाळाला कुंकू लावून तळहातावर दही देतात. ते खायचं, ‘येतो’ म्हणायचं आणि मग उंबरा ओलांडायचा. केतकीच्या बालवाडीच्या पहिल्या दिवसापासून हे काम माझं. पण आमचे हे गेल्यापासून मी ते सोडलं. कोणी मनाई केली नव्हती. अंबडच्या कारखान्यात मालाच्या तपासणीवर मी भल्याभल्यांना धारेवर धरते, मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्यांची टिंगल करते. आणि हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की नेमकं माझं डोकं दुखायला लागतं! स्वतःचं स्वतःला हसू येतं, पण लेकराची गोष्ट निघाली की सगळं शहाणपण गुंडाळून ठेवलं जातं. विधवेच्या हातानं शकुन नको, माझ्या पोरीचं काही वाकडं व्हायला नको, एवढीच भीती. म्हणून त्या दिवशी मी समोरच्या फ्लॅटमधून बागुल वहिनींना बोलावलं.

वहिनींनी कुंकू लावलं आणि दह्याची वाटी माझ्यापुढे धरली. “हे तुम्हीच द्या हो. आई आहात तिच्या.” मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होते, तिथून हलले नाही. केतकी म्हणाली, “आई, तू दे ना.” मी म्हटलं, “अगं घे ना, वहिनी देतायत. बस येईल आता.” ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, “बाबा गेले, त्यांच्याबरोबर तू पण गेलीस का?” मग तिनं हात पुढे केला, वहिनींनी दिलेलं दही खाल्लं, तळहात पँटला पुसला आणि पाठीवर ती भलीमोठी बॅग चढवली.

शिबिरात पोचल्यावर मुलांचे फोन जमा करून घेतले. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर फोटो यायचे तेवढेच. मी प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून त्यात माझी पोर शोधायची. कधी नुसती निळी टोपी सापडायची, कधी कोणाच्या तरी खांद्यामागून डोकावणारं कोपर. कोपरावरून लेक ओळखता येते हे मला तेव्हा कळलं. घरात भात रोज दोघींचा लागायचा, हाताला सवयच तशी. तिच्या खोलीत उगाच जाऊन बसायची. तिच्या बाबांचे बूट तिनं पलंगाखाली जपून ठेवलेले होते, ते मी पहिल्यांदा पाहिले. त्यांच्या खाचांत अजून माती होती. मला ती दोघं हवी होती. चिखलाच्या पावलांनी आत येणारी, माझ्यावर हसणारी, दोघंही. एक कधीच येणार नव्हता, आणि दुसरीला मी दारातूनच परकी करून पाठवलं होतं.

मग एके दिवशी फोटो आले नाहीत. कारखान्यात असतानाच निरोप वाचला. तिकडे पर्वतात एकाएकी बर्फ आणि पाऊस झाला होता, नदीवरचा पूल वाहून गेला होता, आणि वरच्या कुरणांकडे गेलेल्या तुकडीशी संपर्क होत नव्हता. केतकी त्याच तुकडीत होती. शिबिराच्या माणसाला फोन लावला तर तो म्हणाला, “ताई, सोबतची माणसं तिथलीच आहेत, अनुभवी आहेत. धीर धरा.” धीर धरा म्हणणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशीही काही कळलं नाही. ग्रुपवर कोणी जप पाठवत होतं, कोणी हवामानाचे नकाशे. मला ना धड रडू येत होतं, ना घरात बसवत होतं. मी ओढणी घेतली, ठक्कर बाजारच्या स्टँडवर गेले आणि समोर लागलेल्या सप्तशृंगी गडाच्या एसटीत बसले.

गडावरची देवी आमची कुलस्वामिनी. हे होते तेव्हा दरवर्षी आम्ही तिघं जायचो आणि मी तिची ओटी भरायची. ते गेल्यावर एकदाच गेले होते, तेही लांबून हात जोडून परतले होते. आजही हातात नारळ नव्हता, खण नव्हता. नांदुरीचा घाट चढताना खिडकीतून ते उभे कडे दिसायला लागले. असलेच कडे असतील का तिथे?

पायऱ्या चढताना दम लागला म्हणून कठड्याला टेकले, तर शेजारी एक म्हातारी बसलेली. सुरगाण्याकडची असावी, गुडघ्यापर्यंत लुगडं, मांडीवर फडक्याचं गाठोडं. तिनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कसलाही आडपडदा न ठेवता विचारलं, “तुही वटी कुठं हाय?”

“मी भरत नाही, आजी. मालक नाहीत माझे.”

“माहा दादला जाऊन लय वर्सं झाली. म्हून काय मी आयकडं रिकाम्या हातानं येऊ?” ती बोळक्या तोंडानं हसली. “आयला लेक कळती. तिचा दादला हाय का नाय, ते ती कशाला बघंल?”

मग मला काय झालं कोण जाणे, त्या अनोळखी बाईपुढे मी सगळं ओकून टाकलं. पोर परदेशात आहे, डोंगरात अडकली आहे, जाताना मी तिला माझ्या हातानं दहीसुद्धा दिलं नाही. कुठला देश, कसलं शिबिर, तिला काय कळलं असेल देव जाणे. तिनं एवढंच धरलं. “डोंगरात हाय ना पोर? मंग आयच्याच घरी हाय की. तू कामून रडती?”

असं म्हणून तिनं गाठोडं सोडलं, माझी ओढणी ओढून पसरवली आणि त्यात ओंजळभर तांदूळ घातले. तिच्याच शेतातले असावेत, जाडे, थोडे लालसर. नारळ तिनं स्वतःकडे ठेवला आणि खण माझ्या तांदळांवर ठेवला. मी नको नको म्हणत होते. ती दटावून म्हणाली, “धर. दोघी मिळून एकच वटी. आय काय मोजती व्हय?”

गाभाऱ्यासमोर आम्ही दोघी एकदमच पोचलो. देवीची मान थोडी कलती आहे. समोरच्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषी स्तुती गातात आणि ती कान देऊन ऐकते, असं लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी मात्र ती कलती मान पाहून मला भडभडून आलं. हिचा कान आधीपासूनच डोंगराकडे लागलेला आहे, मी वेगळं काय सांगायचं? पोर परत दे, असं मागायचं ठरवून आले होते. ते ओठांवर आलंच नाही. ‘तुझ्या घरी आहे, तू बघ,’ एवढंच मनात म्हटलं. तांदूळ आणि खण मी माझ्या हातांनी पुढे केले. पुजाऱ्यानं मान वर न करता ते घेतले, जसे सगळ्यांचे घेतो तसेच. ना घंटा वाजली, ना फूल पडलं. अठरा हातांच्या आईला माझ्या दोन हातांचं काही वावडं नव्हतं, ते मीच धरून बसले होते.

बाहेर आल्यावर म्हातारीनं नारळाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि ती सुरगाण्याच्या जीपकडे गेली. पुढच्या सीटवरून ड्रायव्हरशी ती कडाकडा भांडत होती, तो आवाज मला बराच वेळ ऐकू येत होता. तिचं नाव विचारायचं राहिलं. काळजी काही पळून गेली नव्हती. पण येताना एसटीत मला झोप लागली, आणि ती दोन दिवसांनी लागली होती.

घरी पोचायच्या आत ग्रुपवर निरोप आला. मुलं सुखरूप होती. वरच्या कुरणात मेंढपाळांच्या तंबूंत त्यांना आसरा मिळाला होता, आता दुसऱ्या वाटेनं खाली आणलं होतं. रस्त्याच्या कडेला बसून मी मोठ्यानं रडले. एक रिक्षावाला थांबून “काय झालं, ताई?” म्हणून विचारून गेला. “काही नाही, माझी पोर सापडली,” असं मी त्याला सांगितलं.

केतकी परत आली ती काळवंडून, नाकाची सालं निघालेली, आणि बोलत. बूट सरळ माझ्या पुसलेल्या फरशीवर काढून, पाय पसरून ती बोलतच सुटली. लोकर दाबून केलेल्या जाड नमद्यांचा तो गोल तंबू, मधोमध चूल, घोडीचं दूध, आणि त्या घरची म्हातारी. “आई, तिची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची तिला नाही. पण निघताना ती दारात उभी राहिली आणि एकेकाचा हात धरून तळव्यावर हे ठेवत होती.” तिनं खिशातून कागदाची पुडी काढली. आत चुन्याच्या खड्यासारखी एक पांढरी टणक गोळी होती. “चाखून बघ.” मी जिभेला लावली. खारट, आणि पाठोपाठ आंबट. “वाळवलेलं दही आहे,” केतकी म्हणाली. “बाकीच्यांनी थुंकून टाकलं. मी एक खाल्लं आणि एक तुझ्यासाठी ठेवलं. तिनं हात धरला ना, तेव्हा मला इतकी आठवण आली तुझी!”

मी ती गोळी तोंडात टाकली. गडावर मी तांदूळ पुढे केले तो दिवस आणि तंबूतल्या म्हातारीनं दही दिलं तो दिवस एकच होता का, हे मी जुळवून पाहिलेलं नाही. विचारलं असतं तर केतकीनं सांगितलं असतं. पण ज्यानं त्यानं आपलं काम केलं होतं, मी हिशेब कशाला मागू? आपलं माणूस आपल्या हातातून सुटतं, तेव्हा ते कोणाच्या तरी हातात जातच असतं, इतकं मला कळलं. त्या हाताचं नाव, गाव आपल्याला कळायलाच हवं असं नाही. आपण फक्त आपला हात आखडता घेऊ नये. केतकीच्या बाबांची आठवण अजून तशीच येते, डोंगर दिसला की जास्तच. ती जावी असं मला आता वाटत नाही.

गेल्या आठवड्यात केतकीचं कॉलेज सुरू झालं. कॉलेज जेमतेम दोन चौक पुढे. दही द्यावं इतकं काही ते लांब नाही. तरी ती बॅग खांद्याला लावून दारात थांबली, तळहात पुढे करून. समोर बागुल वहिनींचं दार उघडंच होतं. मी आत गेले, कुंकू आणलं, वाटीतलं दही आणलं. तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ते जरा वाकडंच लागलं. तिनं दही खाल्लं, तळहात चाटूनपुसून स्वच्छ केला, आणि जिना उतरता उतरता मागे वळून मला म्हणाली, “येते गं, आई.”