नापास

"आता तुमी चावा जी," असं म्हणत भाऊ धानाचा दाणा समोरच्या मॅनेजरच्या हातावर ठेवायचे. आधी स्वतः एक चावून दाखवलेला असे. कटकन फुटला तर धान वाळलेलं, चेपला तर ओलं. टेरिकॉटच्या पँटीतले साहेब लोक तोंड वाकडं करून चावायचे. मला फार मजा वाटे.

सत्तरच्या दशकात तुमसरला धानखरेदी केंद्रांच्या मॅनेजरांसाठी आमचं प्रशिक्षण चाले. मी तिथला टायपिस्ट, भाऊ गोदामपाल, शिक्षण चौथी पास. भाषणं ऐकून मॅनेजर पेंगतात हे सगळ्यांना दिसत होतं, पण उपाय सुचला तो भाऊंनाच.

पहिल्या दिवशी खुर्चीच नाही. मॅनेजरांनी दुपारपर्यंत उन्हात, बैलबंड्यांच्या रांगेत शेतकऱ्यांबरोबर उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी ओलं धान परत करायचं. भाऊ शेतकरी होऊन पोत्यावर बसत आणि विचारत, "काहून परत करून राहिले जी? मले समजावून सांगा." आवाज चढवला की नापास. नियम दाखवला की नापास. एक जण चौथ्या खेपेला शेजारी बसून, दाणा फोडून समजावू लागला, तेव्हा कुठे भाऊ म्हणाले, "आता पटलं. वाळवून आणतो." अहो, असा वर्ग मी पुन्हा पाहिला नाही.

त्यांची एकच इच्छा होती. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत प्रशिक्षक म्हणून आपलं नाव यावं.

"चौथी पास गोदामपालाचं नाव? लोक हसतील," आमच्या कार्यालयाचे साहेब म्हणाले. मी साहेबांचं नाव टाइप केलं. भाऊंनी पुस्तिका दोनदा चाळली. "बाबू, माहं नाव कुठी आहे?"

"पुढच्या वेळी येईल," मी म्हणालो. साफ खोटं.

मग साहेबांनी वर्ग स्वतःकडे घेतला. रांग गेली, दाणा गेला, भिंतीवर तक्ते आले. पुढच्या हंगामात त्यांच्या मॅनेजरांना कुणालाच नाही म्हणता येईना. ओलं धान भाऊंच्या गोदामात आलं, तापलं, कुजलं. ओलं धान येतंय हे भाऊ माझ्यादेखत तीनदा साहेबांना सांगून गेले होते. चौकशीत ठपका मात्र गोदामपालावर आला. मला विचारलं, तेव्हा मी मूग गिळून बसलो. नोकरी प्यारी होती, दुसरं काय!

बडतर्फीचा हुकूमही मीच टाइप केला. तो घ्यायला भाऊ माझ्या टेबलापाशी आले. कागद वाचून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "काहून परत करून राहिले जी? मले समजावून सांगा."

मी बोटानं त्यांना नियम दाखवला.