धुराचा परवाना

साहेब माझ्या इंजिनाचा धूर तपासायला आला आन इंजिन चालू व्हायच्या आधीच त्यानं नाकाला रुमाल लावला.

हँडल माझ्या हातात होतं. इंजिन थंडगार. धूर कुठंच न्हाई. आमच्या बौद्धवाड्यात पाय टाकला आन रुमाल. मागं आप्पा उभे होते, गावातल्या जुन्या गिरणीचे मालक. गालात हसत होते. साहेब त्यांच्याच ओसरीवर चहा पिऊन आलता. मी बी पाणी भरून ठेवलं होतं, घासून लख्ख केलेल्या तांब्यात. त्यानं तिकडं बघितलं सुदीक न्हाई.

हे इंजिन कावून आलं ते सांगते. मी आन माझा नवरा दर साली कोयत्यावर जायचो, ऊस तोडायला. लेक तशीच फरफटत संगं. ती अंबाजोगाईला कॉलेजात गेली तवा मी म्हनलं, आता बास. गिरणी टाकू. वस्तीत थ्री-फेजची लाइन आलीच न्हाई, म्हणून एका विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन आणलं, पट्टा चढवला, दगड बसवले. पहिलं पीठ पडलं तवा मी चिमूटभर तोंडात टाकलं. कच न्हाई. मी तिथंच रडले.

रडायला कारण हाय. दगड गुळगुळीत झाले की आप्पांच्या गिरणीत छिन्नीनं त्यांना टाकी लावायचे. टाकी लावली की सुरवातीच्या पिठात दगडाची कच येती. ती निघून जावी म्हणून त्या दिवशी पहिलं दळण आमच्या वस्तीचं. एरवी आमी उनात ताटकळत शेवटपर्यंत. टाकीच्या दिवशी मात्र गिरणीवरचा गडी लांबनंच हाक मारायचा, "या या, आज तुमचा मान!" सगळी खिदळायची. मी लहान होते, मला खरंच मान वाटायचा. डबा डोक्यावर घेऊन पळत घरी यायचे. माय गप भाकरी थापायची. दाताखाली कचकच. एकदा मी म्हनलं, माय, आज आपला पहिला नंबर. मायनं थोबाडीत ठेवून दिली. कावून मारलं ते मला लई उशिरा कळलं. आजबी आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाती.

माझी गिरणी चालू झाली आन वस्तीनं आप्पांकडं जायचं सोडलं. गावातल्या एकदोन बाया बी मागच्या वाटनं यायला लागल्या. झालं, तक्रार गेली. माझ्या इंजिनाचा धूर म्हणे देवळाच्या गाभाऱ्यात जातो. प्रदूषणवाल्या हापिसाची परवानगी न्हाई म्हणे. नव्हती, खरं हाय. लाइट गेली की आप्पांचं बी इंजिन धडधडतं, त्याला तरी कुठं हाय? पण नोटीस मला. परवानगी आणा, न्हाईतर गिरणीला सील. सील म्हणजे परत कोयता. मी अर्ज केला, चकरा मारल्या, चपला झिजवल्या, तवा कुठं हा साहेब आलता.

"बाई, धूर देवळाकडे जातो अशी तक्रार आहे," तो रुमालातनं बोलला.

आयुष्यभर मान खाली घालून ऐकत आले. त्या दिवशी मान वर झाली. माझी मलाच कळली न्हाई.

"साहेब, आमची वस्ती गावाच्या उगवतीला कावून हाय ते इचारा आप्पांना. आमच्या अंगावरचा वारा गावाला लागू नये म्हणून ह्यांच्या वाडवडलांनी आमाला इथं बसवलं. वारा गावाकडनं आमच्याकडं येतो. मग माझाच धूर उलटा देवळात कसा घुसतो?"

मी हँडल मारलं. इंजिन धडधडलं, काळा धूर वर गेला आन उगवतीला वाकला, बाभळींच्या रानाकडं. देवळाकडं पाठ करून. सगळ्यांनी बघितलं.

साहेबानं घड्याळ बघितलं. "ठीक आहे. अहवाल वर पाठवतो." सही केली न्हाई.

तो गाडीकडं निघाला तवा आप्पा जवळ आले. जवळ म्हणजे हात लागणार न्हाई इतके. आवाज मऊ. "कावून जिवाला ताप करून घेतीस गं? इंजिन इकून टाक. माझ्याकडं आण दळण. आता तुझंच पहिलं घेतो."

पहिलं! आपण काय बोललो ते त्या माणसाच्या ध्यानात बी न्हाई.

"पहिलं दळण लई खाल्लं आमी, आप्पा," मी म्हनलं. "मायचे दात गेले त्यात."

दुसऱ्याच हप्त्यात गिरणीला सील लागलं. अहवालात काय लिहिलं ते कुणी सांगितलं न्हाई. नवरा मुकाट्यानं कोयत्याला धार लावायला बसला. मी तो हातातनं हिसकला आन पत्र्यावर भिरकावला. दुसऱ्या दिवशी त्याच हापिसात गेले. दोन अर्ज दिले. एक माझ्या इंजिनाचा. दुसरा आप्पांच्या इंजिनाचा, त्याचा बी धूर तपासा म्हणून, तो आमी लहानपणापासनं गिळलाय. दोन्हीवर शिक्का मारून घेतल्याबिगर उठले न्हाई.

साहेबाला परत यावं लागंल. येऊ दे. मी हँडल घेऊन उभी राहीन, पण मारणार न्हाई. आधी म्हणणार, रुमाल काढा.