मेंब्रेनमधली वेणी

किसनरावांना हॉस्टेलमध्ये कोणी किसनराव म्हणत नाही. तीनशे पोरी आणि त्यांच्या वॉर्डन माणिकबाई, सगळ्यांच्या तोंडी ते ‘प्लँटवाले काका’. हॉस्टेल अमरावतीच्या कडेला, दर्यापूरच्या रस्त्याला. त्याच्या मागच्या भिंतीला लागून सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट. लोक जिथून नाक दाबून जातात, तिथे हा गृहस्थ डबा उघडून निवांत भाकरी खातो. वासाचं विचारलंत तर म्हणेल, “आमच्या झेंडूच्या वावरात कुजक्या फुलांचा याच्याहून बेकार येते.”

वावर आता भावाकडे आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी आशाबाई कॅन्सरनं गेल्या आणि मागे उरली एकटी मुलगी, शालू. ती नर्सिंग शिकायला इथे आली, तशी किसनरावांनी पंप चालवायची ही नोकरी धरली. पोरगी भिंतीपलीकडे आहे, एवढ्यावर माणूस तरला. दर रविवारी ती खाली येऊन बापाबरोबर चहा घ्यायची. या हिवाळ्यात मात्र तिचं येणं बंद झालं. परीक्षा आहे, ड्यूटी आहे, फोनवर दर वेळी नवं कारण. किसनरावांनी ते खरं मानलं, कारण खोटं मानायची त्यांची छाती नव्हती.

नेमकं त्याच सुमाराला मेंब्रेन चोंदायला लागलं. मेंब्रेन म्हणजे टाकीत उभ्या बांधलेल्या हजारो पोकळ नळ्या, शेवयांसारख्या बारीक. टाकीतले जंतू मैला खातात आणि पंप त्या नळ्यांमधून पाणी ओढून घेतो. चांगलं पाणी आत येतं, गाळ बाहेर राहतो. नळ्यांवर बुळबुळीत साय धरते आणि खालून सोडलेले हवेचे बुडबुडे ती झटकत राहतात. साय जाड झाली की पंपाला जोर पडतो, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा चढतो. क्लोरीनच्या पाण्यानं धुतलं की उतरतो.

यंदा उतरेना. पंपाचा आवाजही बदलला. गळा दाटलेल्या माणसानं श्वास ओढावा तसा तो यायचा. दुपारी हॉस्टेल ओस पडलं की किसनरावांना वाटे, टाकीत कोणीतरी आहे. यात हसण्यासारखं काही नाही. झाकलेल्या टाकीशेजारी आठ-आठ तास एकट्यानं बसून पाहा एकदा, मग बोलू.

शेवटी कंपनीचा इंजिनिअर नितेश आला. दोघांनी चेनपुलीनं नळ्यांची चौकट वर उचलली. पाणी निथळलं आणि नितेशचा हात जागीच थांबला. नळ्यांच्या मधोमध वेणी होती. हातभर लांब, घट्ट विणलेली, टोकाला निमुळती.

“बुडबुड्यानं होते असं, काका,” नितेश म्हणाला. “सुटे केस गोल फिरत राहतात, पीळ बसत जाते. पुस्तकात हाये हे.”

पुस्तकात असेल. पण हातमोजे घालूनही त्यानं ती दोन बोटांच्या चिमटीतच धरली. माणिकबाई पाहायला आल्या त्या दहा पावलांवरच थबकल्या. “करणी आहे कोणाची. जाळून टाका,” म्हणाल्या आणि मागे फिरल्या.

किसनरावांनी जाळली नाही. नितेश गेल्यावर नळाखाली धुतली. गाळ गेला तसा खाली रंग उघडा पडला, मक्याच्या कणसाच्या केसांसारखा भुरा. हा रंग किसनरावांनी पंचवीस वर्षं शेजारच्या उशीवर पाहिला होता. आजारपणात आशाबाईंचे हेच केस मूठमूठ गळाले आणि किसनरावांनी ते स्वतःच्या हातानं पूर्णा नदीत सोडले. ते तीन वर्षांनी इथे, या टाकीत, कसे आले? भर दुपारी त्यांना आशाबाई टाकीच्या काठावर पाठमोऱ्या बसल्यासारख्या वाटल्या. ते खाली मान घालून तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मनाचा हिय्या करून ते सांडपाणी जिथून आत येतं त्या जाळीशी गेले. केस आले तर याच वाटेनं येणार. जाळीवरचा कचरा यंत्र आपणच खरवडून डब्यात टाकायचं, म्हणून तो कोणी बघत नसे. किसनरावांनी डबा पालथा केला. चिंध्या, कापसाचे बोळे, प्लास्टिक, आणि त्यात केसांचे गुंडे. सात-आठ तरी होते. प्रत्येक गुंडा बोटाभोवती गुंडाळून लाल दोऱ्यानं बांधलेला. गुंडे जाळीत अडकले होते. त्यातून सुटलेले केस निसटून टाकीपर्यंत गेले होते.

विंचरलेले केस उघडे टाकायचे नाहीत, कोणाच्या हाती लागू द्यायचे नाहीत. लाल दोरा बांधून वाहत्या पाण्यात सोडायचे. ही आशाबाईंच्या माहेरची रीत. भुतं काही दोरा बांधत बसत नाहीत. आणि आशाबाईंनी ही रीत एकाच पोरीला शिकवली होती, केसांचा रंगही जिनं आईचाच घेतला होता. हॉस्टेलमध्ये वाहतं पाणी म्हणजे संडासातलंच.

आता जी भीती वाटली तिच्यापुढे कालची काहीच नव्हती. चिखलाच्या बुटांनीच किसनराव हॉस्टेलच्या दाराशी गेले. पुरुषांना आत मनाई आहे हे सांगायला माणिकबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि शालूला हाक मारली.

शालू जिना उतरून आली. उन्हाचं नाव नसताना डोक्याला स्कार्फ घट्ट आवळलेला. किसनरावांनी हातातला गुंडा पुढे धरला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग तिनं स्कार्फची गाठ सोडली. डोक्यावर जागोजागी रुपयाएवढी मोकळी कातडी दिसत होती.

“कवापासून?”

“दिवाळीपासून. मी शिकून राहिली ना बाबा, मले समजते हे आईसारखं नसंल. पण तपासाले भेव लागते.”

“मंग मले काहून नाही सांगितलं?”

“आईचं नाव काढलं की तुमी उठून जाता. कसं सांगू?” शालू म्हणाली. “म्हून रोज पाण्यात सोडत होती. म्हटलं, तुमी तिकडंच बसता. तुमाले दिसंल.”

किसनराव पायरीवर बसले. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

“दिसले व माय,” ते म्हणाले. “मले वाटलं तुयी आई आली. मी घाबरलो.” थोड्या वेळानं ते उठले. “चाल, दवाखान्यात जाऊ. आईले काय काय झालतं, ते डॉक्टरले मी सांगतो.”