निरंक या शब्दाबाबत

अर्जदार: डॉ. बिराजदार, मूळ राहणार किल्लारी, त्या वेळी नांदेडच्या एका डायलिसिस केंद्रात नोकरीस.
अर्ज लिहिणार: मी, शेषेराव, अर्जनवीस, वय बावन्न, बैठक कचेरीसमोरच्या लिंबाखाली.
साक्षीदार पहिला: रहीमभाई, टायपिस्ट, माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूस बसणारे.
साक्षीदार दुसरी: माझी थोरली बहीण, आक्का, राहणार अर्धापूर. आता हयात नाही.
वार: सोमवार. तारीख स्थळप्रतीवर, म्हणजे माझ्याकडे राहिलेल्या अर्जाच्या प्रतीवर, आहे.
प्रतिपक्ष: एक कार्यालय. नाव लिहीत नाही, कारण पहिली चूक माझी आहे.

त्या सोमवारी डॉक्टर माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "शेषेराव, एक कागद लिहून द्या. मी लिहिला की तो रागाचा होतो. रागाच्या कागदाला उत्तर येत नाही."

अर्जनवीस म्हणजे काय, हे आजच्या वाचकांना सांगणे आवश्यक आहे. ज्याला आपले गाऱ्हाणे कार्यालयाच्या भाषेत मांडता येत नाही, त्याचे गाऱ्हाणे त्या भाषेत मांडून देणारा तो अर्जनवीस. माझे शिक्षण नववीपर्यंत. परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणाने परत आल्याचे उदाहरण तोपर्यंत नव्हते. वकीलसुद्धा अवघड मजकूर मला दाखवून नेत.

डॉक्टरांची ओळख आक्कामुळे. तिचे मूत्रपिंड निकामी झाले होते. आठवड्यातून दोनदा मी तिला अर्धापूरहून नांदेडला आणत असे. चार-चार तास ती त्या केंद्रात मशीनला जोडलेली असे. खोली एसीची, खिडक्या कायम बंद, खाटा हाताला हात लागेल इतक्या जवळ. डॉक्टर राउंडला आले की आक्का माझी तक्रार करी.

"डॉक्टर, ह्याला नववीत शाळेतून काढलं. पर शुद्धलेखन असं, की बायकोची चिठ्ठीबी लाल शाईनं दुरुस्त करतो."

"मग माझीबी दुरुस्त करून घेतो, आक्का."

तेवढ्यावरून डॉक्टर माझ्याकडे आले होते.

त्यांचे म्हणणे मी त्यांच्याच शब्दांत देतो. "कोविड बातम्यांतून गेला, शेषेराव. माझ्या वॉर्डातून न्हाई गेला. धडधाकट माणसाला आता तो बहुतेक वेळा सर्दी-तापासारखा होऊन जातो. म्हणून लोकांना वाटतं, संपलं. पण माझे पेशंट धडधाकट न्हाईत. किडनीचे, साखरेचे, म्हातारे. ह्यांना तोच ताप छातीत उतरतो. काही जण बरे होऊनही सहा-सहा महिने जिना चढू शकत न्हाईत."

"मग मागणी काय?" मी विचारले. अर्जात व्यथा कितीही असो, मागणी एका श्वासात सांगता आली पाहिजे.

"ताप आलेल्याची टेस्ट केंद्रातच व्हावी, म्हणून किट द्या. खिडक्या उघडा. खोकणाऱ्याला वेगळी शिफ्ट द्या. आणि आमच्या टेक्निशियनला ताप आला तर त्याला सुट्टी द्या. आज तो गोळी खाऊन कामावर येतो, कारण त्याच्या जागी दुसरा माणूसच न्हाई."

मी म्हणालो, "साथ तर सरकारने संपल्याचे सांगितले. कार्यालय तेच उत्तर देईल."

डॉक्टरांनी स्टूल पुढे ओढले. मग म्हणाले, "मी किल्लारीचा. भूकंप झाला तेव्हा लहान होतो. तो एका पहाटे आला आणि संपला. पण त्यानंतर आमच्या गावात कुणी परत दगडमातीची जड भिंत उचलली न्हाई. भूकंप संपला, तरी घर बांधायची रीत बदलली. इथं एवढी माणसं गेली आणि आमच्या वेटिंग रूमची एक खिडकी उघडली न्हाई. मला तेवढंच म्हणायचंय."

हे वाक्य मी अर्जात घेतले नाही. अर्जात दाखले देऊ नयेत, असा माझा नियम आहे. आता वाटते, अर्जात घालण्यासारखे खरे तेवढेच होते.

यानंतर तो परिच्छेद आला. डॉक्टरांनी सांगितले, "लिहा, आमच्याकडे टेस्ट होत न्हाई, त्यामुळे कोविडचे पेशंट किती, हे आम्हाला माहीत न्हाई."

मी लेखणी खाली ठेवली. "डॉक्टर, 'माहीत नाही' असे अर्जात लिहीत नसतात. अर्जदारालाच माहीत नसेल तर कार्यालय म्हणेल, आधी माहिती घेऊन या. इथे शब्द आहे: निरंक."

"निरंक म्हणजे?"

"म्हणजे रकाना रिकामा राहत नाही."

कार्यालयात दर आठवड्याला, दर महिन्याला तक्ते जातात. ज्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नसते, तिथे निरंक लिहितात. शब्द फोडला तर अर्थ सरळ आहे: निर् म्हणजे विना, अंक म्हणजे आकडा. आकडा नसलेला. डॉक्टरांकडे आकडा नव्हता. माझ्या मते शब्द तंतोतंत बसत होता, आणि अर्जाला वजन येत होते.

रहीमभाई टाइप करता करता थांबले. तीस वर्षे आम्ही एका झाडाखाली बसतो. ते माझ्या मजकुरात सहसा बोलत नाहीत.

"शेषेरावभाऊ, हा लफ्ज डेंजर हाय. निरंक वाचलं की साहेब पुढचं वाचत न्हाई."

"तुम्ही टाइप करा, रहीमभाई. भाषा माझ्याकडे ठेवा."

"ठेवा बाबा. तुमची भाषा, तुमचा मुलूख."

डॉक्टरांना दुपारची शिफ्ट गाठायची होती. त्यांनी अर्ज वरवर पाहिला. "तुम्हाला बरोबर वाटतंय ना?" असे विचारले. मी "तीस वर्षांचा अनुभव आहे" असे उत्तर दिले. ते उत्तर त्या प्रश्नाचे नव्हते. त्यांनी सही केली. मी स्वतः कार्यालयात जाऊन अर्ज दिला आणि स्थळप्रतीवर शिक्का व इनवर्ड नंबर घेतला. त्यास पोच म्हणतात. पोच मिळाली की निम्मे काम झाले, असे मी लोकांना सांगत असे.

उत्तर अपेक्षेपेक्षा लवकर आले. मजकूर पुढीलप्रमाणे:

"संदर्भीय अर्जाचे अवलोकन केले असता, सदर केंद्रातील बाधित रुग्णसंख्या निरंक असल्याचे अर्जदाराने स्वतःच नमूद केले आहे. सबब, अर्जातील मागण्यांची आवश्यकता दिसून येत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

निकाली काढणे म्हणजे फाइल बंद करणे. पत्रात एकही चूक नव्हती. शब्द माझा होता, त्यांनी तो फक्त वाचला होता. कार्यालय निरंक हा शब्द फोडून वाचत नाही, शून्य म्हणून वाचते. हे तीस वर्षे मला ठाऊक होते.

डॉक्टरांनी पत्र वाचले. त्याची घडी घातली आणि म्हणाले, "आपण परत लिहू." केंद्राच्या मॅनेजरने मात्र त्या पत्राची झेरॉक्स काढून नोटीस बोर्डावर लावली. कोणी खिडकी उघडा म्हटले, की तो बोर्डाकडे बोट दाखवी. "वरून लेखी आलंय. आपल्याकडं केस न्हाईत. एसी चालू हाय, खिडक्या बंद ऱ्हाऊ द्या."

आक्काने ते पत्र मला वाचायला लावले. मी वाचले. ती म्हणाली, "म्हंजे सरकारनं तुझंच वाक्य तुला परत धाडलं व्हय? चल, येक अर्ज तरी पास झाला म्हणायचा."

पुढच्या आठवड्यात टेक्निशियन खोकत होता. आक्काच्या शेजारच्या खाटेवर उदगीरकडचे एक कापड दुकानदार असत, महादप्पा. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, स्वभाव बोलका. तेही खोकू लागले. आक्का त्यांना म्हणे, "आप्पा, भस्म नाकाला लावा, खोकला थांबंल." ते हसत आणि हसताना पुन्हा खोकत.

त्यानंतर आक्काला ताप आला.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेषेराव, इथं किट न्हाई. मी लॅबला चिठ्ठी देतो. आजच्या आज हिची टेस्ट बाहेरून करून घ्या. पॉझिटिव्ह आली तर लवकर औषध देता येतं. उशीर झाला की त्याचा उपयोग ऱ्हात न्हाई."

मी चिठ्ठी खिशात ठेवली. आक्काला सांगितले. ती म्हणाली, "सर्दी हाय रे. परत नाकात काडी घालून घेऊ का आता? मागल्या टायमाला डोळ्यातून पाणी आलं व्हतं. मला घरला ने."

मी तिला घरी नेले.

येथे मला सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या प्रकरणाचा निकाल येथेच लागला. लॅब आमच्या रस्त्यावरच होती. रिक्षा तिच्या दारावरूनच गेली. मी रिक्षा थांबवली नाही. आक्का नको म्हणाली, हे एक कारण. दुसरे कारण मी आजवर कोणास सांगितलेले नाही. माझ्या मनात ते पत्र होते. केंद्रात केस नाहीत, असे सहीशिक्क्याने लिहिलेले होते. ते वाक्य कुठून आले, हे मला जगात सर्वांत चांगले माहीत होते. तरीही लेटरहेडवर वाचल्यावर ते मला खरे वाटले.

चौथ्या दिवशी आक्काला धाप लागली. मोठ्या दवाखान्यात हलवले. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून छातीत न्यूमोनिया असल्याचे सांगितले. तिथे धावपळ होती. टेस्टचे कोणी बोलले नाही, आणि मलाही सुचले नाही. शेवटच्या दिवशी तिने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि मला विचारले, "केळीची गाडी भरली का रं?" तिच्या वावरातली केळी त्या दिवशी जाणार होती. मी "भरली" म्हणालो. भरली की नाही, मला माहीत नव्हते.

मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया आणि मूत्रपिंडविकार असे लिहिले आहे. त्यात खोटे काही नाही.

महादप्पा वाचले. परंतु मशीनवरून उठून दारापर्यंत जाताना ते अजून दोनदा बसतात. "हात-पाय माझे न्हाईत असं वाटतं, शेषेराव," असे ते मला म्हणाले. त्यांचीही टेस्ट झालेली नाही. त्या महिन्याचा तक्ता केंद्रातून गेला, तेव्हा कोविड रुग्णांच्या रकान्यात निरंक लिहिलेले मी स्वतः पाहिले.

आक्काचे दिवस झाल्यावर मी दुसरा अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला अर्ज होता, असे मला वाटले. डॉ. बिराजदार तोवर ते केंद्र सोडून लातूरला एका दवाखान्यात गेले होते. मी एसटीने लातूरला गेलो आणि ओपीडी संपेपर्यंत बाकावर बसलो. तिथल्या खिडक्या उघड्या होत्या, आणि दाराशी मास्कचा खोका ठेवलेला होता.

डॉक्टरांनी या वेळी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून अर्ज वाचला. एका ठिकाणी बोट थांबले. मी लिहिले होते: "अर्जलेखकाची बहीण कोविडने मृत्यू पावली."

"हे खोडा," ते म्हणाले.

"डॉक्टर, कोविडची शंका तुम्हीच घेतली होती."

"मला शंका होती. अजूनही आहे. पण टेस्ट झाली न्हाई. मी सही कशी करू?"

"माझी आक्का गेली हो."

"माहीत हाय. मीपण तिला आक्काच म्हणत होतो." त्यांनी पेन माझ्याकडे सरकवले. "शेषेराव, मागं तुम्ही न तपासता निरंक लिहिलं. आता न तपासता कोविड लिहायलात. दोन्ही एकच चूक हाय. आपलं भांडण 'तपासा' एवढ्यासाठीच हाय ना? मग आपणच न तपासता कसं लिहायचं?"

मी ती ओळ खोडली. वर लिहिले: "अर्जलेखकाच्या बहिणीस ताप आला. तिची तपासणी झाली नाही. तिचा मृत्यू कशाने झाला, हे आम्हास माहीत नाही."

"माहीत नाही" हे शब्द मी अर्जात पहिल्यांदाच लिहिले. डॉक्टरांनी सही केली. परत आल्यावर रहीमभाईंनी टाइप केले. त्या दिवशी चहा त्यांनीच मागवला.

या प्रकरणातून मी एवढे शिकलो, की दुसऱ्याचे म्हणणे आपल्या भाषेत चांगले दिसावे म्हणून बदलू नये, आणि आपण लिहिलेला कागद शिक्का मारून परत आला म्हणून त्यावर विश्वास ठेवू नये.

दुसऱ्या अर्जाची पोच मजजवळ आहे. उत्तर आलेले नाही. तरी जे कोणी अधिकारी हा मजकूर वाचतील, त्यांस माझी नम्र विनंती, की तक्त्यामध्ये निरंक या शब्दाशेजारी "तपासणी झाली नाही" असा आणखी एक रकाना द्यावा. माझ्या आक्कास त्या रकान्यात मोजावे. ती निरंक नव्हती.

उत्तर लेखी मिळावे. उत्तरात निरंक हा शब्द वापरणे भाग पडल्यास, त्याचा आपण कोणता अर्थ धरला आहे, तो शेजारी लिहावा.