सुभेदारांचा ईएसआर

रक्त काढताना माणूस गप्प असतो, पण कोपरात कापसाचा बोळा धरून हात दुमडला की त्याला बोलायचं सुचतं. सत्तरच्या दशकात सांगलीतल्या एका दवाखान्यातल्या आमच्या लॅबमध्ये रिपोर्टांपेक्षा किस्सेच जास्त निघायचे!

*

कोलेस्टेरॉलसाठी आटपाडीच्या एका पाटलांना मी "उपास करून या" म्हणाले. आले. पण रक्तातलं पाणी वेगळं केलं तर दुधासारखं पांढरं! काय खाल्लंत, विचारलं. शांतपणे म्हणाले, "साबुदान्याची खिचडी. कूट जरा जास्तच हुतं."

मी डोक्याला हात लावला. तेव्हापासून सगळ्यांना बजावू लागले, जैनांसारखा कडक उपास करा. तर कुपवाडचे एक जैन अण्णा म्हणाले, "मग आम्हाला बिलात काहीतरी सूट द्या."

*

मलकापूरचे एक सुभेदार हार्ट अटॅक येऊन आमच्या दवाखान्यात पडून होते. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, हौसाबाईंना, कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून सांगितलं. भेटायला येईल त्याला बाई सांगत होत्या, "आमच्यात कुनी तलाठी झाला न्हाई, आन ह्यांच्या रगतात कलेक्टर निघाला!"

*

तेव्हा अटॅक आला की आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचे. ईएसआर उतरला की मगच उठायचं. ईएसआर म्हणजे काचेच्या नळीत रक्त तासभर उभं ठेवायचं आणि तांबड्या पेशी किती खाली बसतात ते बघायचं. आत सूज जास्त असली की रक्त जास्त बसतं. सुभेदारांचं तर भराभर बसायचं.

हे कळल्यावर ते माझ्यावरच तापले. "माझं रगत तासभर उभं ऱ्हातंय, आन मी आडवा?"

त्यांचा मुलगा ट्रेनिंग संपवून सोमवारी मिरजेहून पहिल्यांदाच सरहद्दीवर निघणार होता. त्याचा सॅल्यूट झोपून घ्यायचा नाही, म्हणून म्हातारा हट्टाला पेटलेला. शेवटी डॉक्टर म्हणाले, सोमवारचा रिपोर्ट चांगला आला तर खाटेशेजारी उभं राहू दे.

*

सोमवारी हौसाबाई लॅबमध्ये नळीसमोर येऊन उभ्या राहिल्या. स्टूल दिलं तरी बसेनात. "म्या बसले तर त्येबी बसंल."

मला हसू आलं. मग मीही उभीच राहिले.

तास भरला. रक्त जेमतेम खाली आलं होतं. डॉक्टरांनी येऊन वाकून बघितलं, होकारार्थी मान हलवली. मी काही बोलायच्या आत बाई वॉर्डात पोचल्या. मुलगा युनिफॉर्म घालून खाटेच्या पायथ्याशी थांबला होता. बाईंनी नवऱ्याच्या अंगावरची चादर ओढली.

"आवं, उठा आता. तुमचं रगत बसंना झालंय, तुमी का झोपलाय?"