मॉन्ट्रियल, चॉकलेट आणि 'ती' बाई कोण

जानेवारीतल्या एका रविवारी श्रीकांत ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आत आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "नंदा, फेब्रुवारीत मॉन्ट्रियलला जायचंय. आणि तिथे तुला मधुरा व्हावं लागेल."

मधुरा म्हणजे कोण, हे आमच्या मराठी मंडळाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. मंडळाचा तिमाही अंक निघतो. त्यात दोन वर्षांपासून अधूनमधून 'मधुरा' या नावाने एक प्रेमकथा यायची. हलकीफुलकी, जरा चावट, आणि प्रत्येक कथेत चॉकलेट. 'तिने तो तुकडा चावला नाही. जिभेवर ठेवला आणि वितळू दिला. त्याला वाटलं, आपण त्या तुकड्याच्या जागी असतो तर इतका वेळ टिकलो नसतो.' असला प्रकार. ओकव्हिलच्या बायका गो ट्रेनमध्ये अंकाचं मुखपृष्ठ आत दुमडून वाचायच्या. मीही वाचायची, खोटं कशाला बोलू? दोनदा वाचायची.

तर त्या मधुराबाई म्हणजे आमचे हे निघाले. वय छप्पन्न, मूळ नागपूर, धंद्याने पुलांचे इंजिनियर, आणि मंडळाच्या गणपतीची पूजा दरवर्षी सोवळं नेसून सांगणारे. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मला म्हटलेलं सर्वांत रोमँटिक वाक्य: "तुझ्या गाडीला विंटर टायर्स बसवून आणलेत."

मॉन्ट्रियलच्या मराठी बायकांनी फेब्रुवारीत 'चॉकलेट दुपार' ठरवली होती आणि मधुराताईंना नवी कथा वाचायला ईमेलवर आमंत्रण दिलं होतं. नाही म्हणायचं धैर्य नाही आणि हो म्हणायची सोय नाही, म्हणून मी.

मी आधी पोट धरून हसले. मग हसू थांबलं, कारण मला त्या कथांमधली नायिका आठवली. पाचही कथांत एकच बाई. नाव नाही, नुसतंच 'ती'. केस आखूड, कंबर म्हणे मुठीत मावेल अशी, मॉन्ट्रियलच्या चॉकलेटच्या दुकानात काम करणारी, चॉकलेट खाताना डोळे मिटणारी. आणि श्रीकांत एका पुलाच्या कामासाठी दोन वर्षं दर महिन्याला दोन दिवस कुठे जात होते? मॉन्ट्रियलला.

"ती बाई कोण?" मी विचारलं.

"काल्पनिक आहे गं."

काल्पनिक! ज्या माणसाला हॉलचा रंग निवडायला तीन महिने लागले आणि शेवटी पांढराच दिला, त्याला म्हणे कल्पना सुचतात. मी म्हटलं, येते. होते मधुरा. मला बाकी कशाशी घेणंदेणं नव्हतं. ती बाई कोण, एवढं बघूनच परत यायचं होतं.

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी सकाळी सातला मिसिसागाच्या घरून निघालो. जाणाऱ्यांसाठी माहिती: सरळ ४०१ नंबरचा हायवे धरायचा, रस्ता कोरडा असेल तर थांबे धरून सहा-साडेसहा तास. हिवाळ्यात ट्रंकमध्ये फावडं आणि ब्लँकेट ठेवाच. गॅस, म्हणजे पेट्रोल, तेव्हा लिटरला नव्वद सेंटच्या आत होता, एका टाकीत पोहोचलो. वाटेतल्या सर्व्हिस सेंटरांची वॉशरूम्स चांगली आहेत, सँडविच मात्र पुठ्ठा. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं घेतलं होतं. किंग्स्टनजवळ गाडीत बसूनच खाल्लं. श्रीकांतना काळी कॉफी, बिनसाखरेची. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी डायबेटिस सांगितला, त्याच संध्याकाळी मी घरातलं चॉकलेट, आइस्क्रीम, मेपल सिरप सगळं बाहेर काढलं. या बाबतीत मी कडक आहे. मंडळात लोक मला घाबरून त्यांच्या ताटात जिलबी वाढत नाहीत.

"डोळे मिटून खाणारी बाई तुम्ही कुठेतरी बघितली असणारच," मी कॉर्नवॉलच्या अलीकडे पुन्हा सुरू केलं.

"नंदा, रस्ता बघू दे."

"रस्ता सरळच आहे. तुम्ही वळताय."

तेवढ्यात नव्याकोऱ्या जीपीएसमधली बाई बोलली, "रीकॅल्क्युलेटिंग." त्या बाईला तरी कळत होतं.

क्यूबेक लागलं की पाट्या फ्रेंच होतात आणि गाड्या मागून जास्त चिकटून चालतात. ओल्ड मॉन्ट्रियलमधली हॉटेलं परवडण्यापलीकडची, म्हणून पुलापलीकडे एक मोटेल घेतलं. ऐंशी डॉलर, ब्रेकफास्टसकट. ब्रेकफास्ट म्हणजे टोस्टर आणि शेजारी ब्रेड, बाकी स्वावलंबन. हीटर इतका खडखडायचा की टीव्हीचं काही ऐकू येईना. श्रीकांत लॅपटॉप उघडून माझ्याकडे पाठ करून बसले.

"दाखवा की."

"बदल चाललेत. उद्या."

व्हॅलेंटाइनच्या वीकेंडला, मोटेलात, नवरा पाठमोरा बसून दुसऱ्याच बाईची कंबर लिहितोय. रोमान्स रोमान्स म्हणतात तो हाच असावा.

शनिवारी सकाळी मी फर्मान काढलं: ते दुकान दाखवा. ओल्ड मॉन्ट्रियलमध्ये पार्किंग पंधरा डॉलर आणि दगडी रस्त्यांवर बर्फाची काच झालेली, तेव्हा ग्रिपचे बूट घाला, फॅशन घरी ठेवा. दुकान मात्र खरंच सुंदर. आत पाऊल टाकलं की कोको, संत्र्याची साल आणि गरम दुधाचा वास अंगावर येतो. एक तुकडा सव्वादोन डॉलरला. एक तुकडा, पेटी नव्हे!

माझे डोळे काउंटरमागे. तिथे साठीच्या पुढची, भक्कम दंडांची एक मादाम उभी होती. श्रीकांतना बघून तिने दोन्ही हात वर केले.

"आ! द मॅन विथ द नोटबुक! टू इयर्स! ही आस्क, ही स्मेल, ही राइट. ही नेव्हर बाय!"

मला इतकी लाज वाटली की विचारू नका. दोन वर्षं फुकट वास घेणारं गिऱ्हाईक, आणि ते माझं. तरी मी काम सोडलं नाही. "एनी यंग लेडी वर्किंग हिअर? शॉर्ट हेअर?"

"ओन्ली माय सन," मादाम म्हणाली. आतून सहा फुटी, दाढीवाला मुलगा ट्रे घेऊन आला. कंबर मुठीत सोडा, दारातही मावत नव्हती.

म्हणजे दुकानात ती नव्हती. मग ऑफिसमध्ये असणार, किंवा त्या पुलावर. मादामने मला एक तुकडा पुढे केला, फुकट. मी नको म्हटलं. यांच्यासमोर मी चॉकलेट खात नाही, तत्त्व आहे माझं.

दुपारी दोनला कम्युनिटी हॉलचं बेसमेंट. चाळीसेक बायका, आणि मागे कॉफीच्या भांड्याजवळ गाडी चालवायला आणलेले सात-आठ नवरे. आयोजक वैशाली, पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये, तिशीची. मला बघून म्हणाली, "मधुराताई, यू आर सो नॉर्मल! आय मीन, मला वाटलं तुम्ही एकदम ग्लॅमरस असाल. मेर्सी हं, इतक्या लांब आल्याबद्दल." मी गोड हसले. दुसरं काय करणार?

वाचायच्या पाच मिनिटं आधी श्रीकांतनी माझ्या हातात कागद दिले, मोटेलच्या काउंटरवर प्रिंट काढलेले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"नंदा, नको वाटलं तर जुनीच वाच."

आता काय सोडते मी! स्टेजवर गेले, चष्मा लावला आणि सुरू केलं. सुरुवात नेहमीचीच, आखूड केस, कंबर वगैरे. बायका खुदखुदत होत्या. मीही जरा रंगात येऊन वाचत होते. दुसरं पान उलटलं.

'या वेळी ती दुकानात नव्हती. ती बेसमेंटमध्ये उतरली आणि तिने ड्रायर सुरू केला. ड्रायरमध्ये एकही कपडा नव्हता. कागदाचा आवाज वर जाऊ नये, एवढ्यासाठी तो फिरत होता.'

मी चष्मा सारखा केला आणि पुढे वाचलं.

'कपड्यांची बास्केट उलटी करून ती त्यावर बसली. पाय ड्रायरच्या कोमट दाराला टेकवले. चांदीचा कागद नखाने हळूच सोलला. पहिला तुकडा जिभेवर ठेवून तिने डोळे मिटले, आणि दिवसभर कडक असलेला तिचा चेहरा असा काही सैल झाला, की जिन्यात उभ्या असलेल्या त्याने कठडा घट्ट धरला.'

मंडळी, ती मी होते. आमच्या बेसमेंटमध्ये, दर बुधवारी, गेली दोन वर्षं. घरात बंदी घालणारी मी, आणि डिटर्जंटच्या डब्यामागे चॉकलेट ठेवणारीही मीच. जगात कुणाला माहीत नाही अशी माझी पक्की खात्री होती. आणि ज्या बाईला मी दीड महिना मनातल्या मनात शिव्या घालत होते, तिला आता चाळीस बायकांसमोर माझ्याच तोंडाने वाचत होते.

कथेत तो जिना उतरतो. ती दचकते, मग अर्धा तुकडा त्याच्या ओठांशी नेते, आणि तो तुकडा सोडून तिच्या बोटाला लागलेलं तेवढं खातो. सावकाश. ते वाक्य मी कसं वाचलं ते मलाच ठाऊक, कान नुसते तापले होते. बायकांनी शिट्ट्या मारल्या.

"ताई, हे रिकाम्या ड्रायरचं सुचलं कसं?" वैशालीने माइकवरून विचारलं. "इट्स सो स्पेसिफिक!"

मी तोंड उघडलं. मी, जी कुणाला गप्प बसू देत नाही, ती तिथे नुसती उभी.

तेवढ्यात मागून, कॉफीच्या भांड्याजवळून, आवाज आला. "आवाजावरून कळतं. कपडे असले की ड्रायर जड फिरतो. रिकामा असला की बटणंसुद्धा वाजत नाहीत." सगळ्या माना मागे वळल्या. श्रीकांत कागदी कप हातात धरून उभे होते. "कथा माझ्या आहेत. हिचा दोष नाही. हिने फक्त चॉकलेट खाल्लं."

हॉल एवढा हसला की वैशालीला माइक बंद करावा लागला. ज्या माणसाला मंडळात कळेल या भीतीने झोप लागत नव्हती, त्याने माझी बोबडी वळलेली बघून दोन मिनिटांत स्वतःची अब्रू देऊन टाकली. मला रडू आलं, आणि रागही आला. हे सगळं घरी सांगता येत नव्हतं?

रविवारी परतलो. किंग्स्टनला काळी कॉफी घेतली. मग मी म्हटलं, "केस का कापलेत माझे?"

"ओळखू येऊ नयेस म्हणून."

"आणि कंबर?"

त्यावर त्यांनी वायपर सुरू केले. काच कोरडी होती.

सोमवारपर्यंत बातमी पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामपर्यंत पोहोचली होती. यंदा गणपतीची पूजा 'तरुणांना संधी' म्हणून दुसऱ्या कुणाकडे दिल्याची सभ्य ईमेल आली. त्याच सभ्य लोकांच्या बायका पुढचा अंक कधी निघणार म्हणून फोन करताहेत. हे सगळं लिहू का, असं मी श्रीकांतना विचारलं, तर म्हणाले, "लिही. आता झाकायला उरलंय काय?" मॉन्ट्रियलला जायचं तर जरूर जा, एकूण खर्च आम्हाला तीनशे डॉलरच्या आत आला. पण नवऱ्याने लिहिलेलं आधी घरी वाचून जा.

एक प्रश्न मात्र मला चार दिवस टोचत होता. बुधवारी संध्याकाळी ते भाजी चिरत बसले होते, तेव्हा विचारून टाकला.

"कथेतला तो खाली येतो. तुम्ही दोन वर्षं नुसते जिन्यात उभे राहिलात. एकदाही खाली का नाही आलात?"

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "आलो असतो, तर तू खायची थांबली असतीस."